गालाला लावलेलं पीच

आप्पांच्या शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला विचारलं, "यांच्या पायांची जाणीव कधीपासून गेली होती?" माझा नवरा दिनेश म्हणाला, "आम्हाला काहीच माहीत नव्हतं." मी शेजारीच उभी होते, गप्प राहिले... दीड महिना झाला, ते गप्प राहणं घशातून खाली उतरत नाही.

आप्पा माझे सासरे. तरुणपणी अमळनेरकडून सुरतेला आले, उधन्यात वीस-बावीस वर्षं लूम चालवले आणि कारखाना बंद पडल्यावर फळांची लारी, म्हणजे हातगाडी, लावली. आंबे, चिकू सगळेच विकतात, आप्पांचा जीव मात्र पीचवर. जूनमध्ये पेट्या आल्या की स्वारी खुशीत असायची. लालीवर भुलू नये, लालीखालचा हिरवा रंग पिवळा झाला का ते बघावं, असं ते मला शिकवायचे. फार कच्चं तोडलेलं पीच नरम होतं, गोड होत नाही. चांगलं असेल तर पहिल्या दिवशी दगड, दुसऱ्या दिवशी देठापाशी जरा दबतं, तिसऱ्या दिवशी सगळं अंग सैल सोडतं आणि चौथ्या दिवशी कुणाच्या कामाचं राहत नाही. गिऱ्हाइकानं अंगठ्यानं दाबलं की तिथे दुसऱ्या दिवशी तपकिरी डाग ठरलेला, म्हणून ते कुणाला हात लावू देत नसत. स्वतः एकेक फळ तोंडाशी नेऊन गुजरातीत सांगायचे, "आ आजे खाजो, बेन. अने आ परमदिवसे." आज खा म्हटलेलं आज आणि परवाचं पीच खरंच परवा तयार व्हायचं. आप्पा वासावरून ओळखतात, असं अख्खी सोसायटी म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी शाळेतून येताना मी लारीपाशी थांबले. आप्पा शेजारच्या भाजीवाल्याशी गप्पा मारत होते. हातातल्या पीचमध्ये त्यांचा अंगठा पार कोयीपर्यंत गेला होता, रस कोपरापर्यंत ओघळत होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी हात धरला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. चेहरा एवढासा झाला.

"शुगरमुये बोटसले काही समजत नही, माय," ते हळूच आपल्या अहिराणीत म्हणाले. मग दुसरं पीच उचलून गालाला टेकवून दाखवलं. "गालले समजस. दिनेशले सांगू नको. तो लारी बंद करी टाकी."

मी नाही सांगितलं. उलट रोज सकाळी शाळेआधी पेटी निवडून द्यायला लागले... आजची, उद्याची, परवाची. सासऱ्यांनी सुनेवर एवढा भरवसा टाकावा, याचा मला आनंदच वाटायचा. मी सातवीला विज्ञान शिकवते. हात बधिर झालेत तर पायांचं काय, हे मला सुचायला नको होतं? एकदाही मी त्यांचे तळवे पाहिले नाहीत. यंदा चपलेतला खिळा टाचेत रुतला आणि आप्पा तीन दिवस त्याच पायावर लारीमागे उभे राहिले. घरात वास यायला लागला तेव्हा आम्हाला कळलं. फार उशीर झाला होता.

लारी आता जिन्याखाली उभी आहे, वर ताडपत्री टाकलेली. परवाच्या रविवारी दिनेश पहिल्यांदाच बाजारातून पीच घेऊन आला. ओट्यावर ती एकेक मांडताना माझा हात आपोआप वर गेला. पीच गालाला लागलं, जरा खरखरलं, मग गार आणि मऊ. तयार होतं.

दारात उभा राहून तो बघत होता. किती दिवसांनी हसला. "तूही आप्पांसारखा वास घ्यायला लागलीस?"

"वास नाही घेत मी," मी म्हणाले. "आप्पाही नव्हते घेत... बस जरा, दिनेश."