ताईचा आवाज गेल्यानंतरचा आमचा बँड

आमच्या बँडमध्ये कोणी गात नाही. सुरुवातीला गाणारी होती, माझी मावसबहीण. मी तिला ताई म्हणतो. मी गिटार वाजवतो, ड्रमवर एक गुजराती मित्र, आणि बँड उभा राहिला तो ताईच्या आवाजावर. गोरव्याला मित्राच्या काकांचं वर्कशॉप आहे. त्याला सुट्टी असली की मशिनांवर ताडपत्री टाकून आम्ही तालीम करायचो. ताई चपला काढून गायची.

मग तिच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, घरी पेढे आले. आवाज मात्र खरखरीत झाला, वरच्या पट्टीत नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, बोलण्यापुरता सुधारेल. मावशी फोनवर सगळ्यांना "एकदम बरी आहे आता" सांगायची आणि ताई शेजारी बसून ऐकायची.

काही महिने तालीम बंदच होती. एक दिवस ताई अलकापुरीतल्या ऑफिसातून परस्पर माझ्याकडे आली.

"दुसरी गायिका शोधा. माझ्यासाठी थांबू नका."

शोधली. फतेगंजला राहणारी एक मुलगी आली, छान गायली. ताईनं टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण ताईनंच बांधलेलं एक गाणं त्या मुलीनं सुरू केलं तेव्हा ताई पाणी प्यायला म्हणून उठली, ती गाणं संपेपर्यंत आत आली नाही. त्या मुलीला आम्ही नको म्हणालो आणि खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, "मला कळलं होतं."

लहानपणी ताई पेटी शिकली होती. तिनं एक जुना सिंथेसायझर आणला, लॅपटॉपला जोडला आणि घरी तासन्‌तास आवाज तयार करत बसायला लागली. मागे लॅपटॉपमधले मशीनचे ठोके, त्यावर आमची गिटार आणि ड्रम, असं वाजवून बघू म्हणाली. मशीन कधी थकतच नाही, म्हणून मित्र वैतागला. "मशीन साथे वगाडवानुं? ए तो थाकतुं ज नथी!" तरी हेडफोन लावून बसला. कानातल्या ठोक्यांबरोबर चालायला त्याला बरेच दिवस लागले.

त्याच सुमारास मला एक कल्पना सुचली. ताईची जुनी रेकॉर्डिंग होती. त्यातला तिचा आवाज तुकडे करून मध्ये मध्ये पेरायचा. मित्र आणि मी मिळून एक चाल तयार केली आणि तिला ऐकवली. तिनं शेवटपर्यंत ऐकली, हेडफोन काढून नीट ठेवला.

"छान झालंय. पण रेकॉर्डिंगमधली ती गात असताना मी तिथं उभी राहून काय करू?"

मित्र खाली बघत "सॉरी, बेन" म्हणाला.

"डिलीट करू?" मी विचारलं.

"डिलीट कशाला? असू दे तुझ्याकडे. वाजवू नकोस."

त्या जागी तिनं सिंथेसायझरचाच एक सूर बसवला. अंगठ्यानं छोटं चाक फिरवत ती तो सूर हळूहळू वर न्यायची. प्रत्येक ओळीआधी ती श्वास घ्यायची. कुठं सुरू करायचं हे मी त्या श्वासावरून ओळखायला लागलो. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

पहिला कार्यक्रम फतेगंजमधल्या एका कॅफेच्या अंगणात झाला, संध्याकाळी. मालकानं ताईलाच विचारलं, "सिंगर कब आएगा?"

"कोई नहीं आएगा। हम शुरू करते हैं," ती म्हणाली.

पहिल्या दोन चाली लोक गप्पा मारत होते. तिसरीला काही खुर्च्या आमच्याकडे वळल्या. फार गर्दी नव्हती. मावशी पुढेच बसली होती, शेजारी ताईच्या बाबांनी कानात कापूस घातला होता. संपल्यावर मावशी ताईच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "मला काही कळलं नाही गं. पण तू खूश दिसत होतीस." ताई हसली आणि वायरी गुंडाळायला लागली.

ती पुन्हा गायली नाही. पण हल्ली नवी चाल सुचली की वर्कशॉपमध्ये आल्या आल्या त्याच खरखरत्या आवाजात गुणगुणून दाखवते. मित्र म्हणतो, "फरी एक वार," आणि ती पुन्हा म्हणून दाखवते.