लव्होनिया थार्पचा रेडिओवरचा निरोप

अलाबामातल्या एका लहानशा कॉलेजात लव्होनिया थार्प आरोग्याचं सगळं बघायची. काळ्या मुलामुलींचं कॉलेज; त्यात मुलगे मोजकेच, पोरीच जास्त. डोकेदुखीच्या गोळ्या, रडणारीला दोन शब्द, एचआयव्हीची तपासणी, सगळं तिच्याच गळ्यात. हल्ली तिला सकाळी उठतानाच दमल्यासारखं वाटे. दर वर्षी सरकारच्या आरोग्य खात्याकडून एचआयव्हीची पोस्टरं येत: खिडकीशी उदास बसलेली काळी बाई, खाली ‘स्वतःला जपा’. लव्होनिया ती भिंतीवर डकवायची आणि पोरी त्यांच्यावरच नाचाच्या कार्यक्रमाचे कागद चिकटवायच्या.

तिची मावसबहीण रेनेटा याच कॉलेजात शिकलेली. ती एड्सनं गेली, तेव्हा चर्चमध्ये ‘न्यूमोनिया’ असं सांगितलं गेलं होतं. लव्होनिया या कामात पडली ती तेव्हापासून.

यंदा खात्यानं कळवलं, की कॉलेजच्या रेडिओसाठी निरोप तुमचा तुम्हीच तयार करा. तिनं सभा बोलावली. कोणी फिरकलं नाही. मग ती वसतिगृहाच्या कपडे धुण्याच्या खोलीत जाऊन बसली. मशीन थांबेपर्यंत पोरी जाणार कुठे?

“मिस थार्प, खरं बोलू? रागावणार नाही ना?” मार्केशानं विचारलं. पोरगी तिसऱ्या वर्षाला होती आणि जिभेला हाड नव्हतं.

“बोल बाई. रागवायला अंगात जोर लागतो.”

“त्या पोस्टरवर दर वेळी आपलंच तोंड का? हा आजार म्हणजे जसं काय आपलं आडनाव.”

“आणि माहिती सगळी आहे आम्हाला,” टॉवेलांच्या घड्या घालता घालता इयोना म्हणाली. ती तशी अबोल. “घोडं अडतं ते बोलण्यापाशी. तपासून घेऊ या म्हटलं, की तो म्हणतो, माझ्यावर विश्वास नाही? आणि जातो शेजारच्या खोलीतल्या पोरीकडे. ती तर काहीच विचारत नाही.”

“मग जाऊ दे की त्याला.”

“तुमचं बरंय, मिस थार्प,” मार्केशा म्हणाली. “तुमचं लग्न होऊन मोडूनही झालं.”

पोरी हसल्या. लव्होनियाही हसली, आणि मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली.

त्या बोलण्यातूनच निरोप तयार झाला. एक मैत्रीण दुसरीच्या वेण्या घालतेय. दुसरी सांगतेय, त्याला कसं विचारलं, तो कसा रुसला, ‘कंडोमशिवाय नाही’ हे बोलताना आपलाच आवाज कसा कापला. बोल पोरींचेच होते. दुसरीचा आवाज इयोनानं दिला.

पण कॉलेजच्या वरच्या कचेरीत घोटाळा झाला.

“पालक ऐकतात, माजी विद्यार्थी ऐकतात,” तिथले साहेब म्हणाले. “कंडोम काढा. ती त्याच्याबरोबर राहते असं वाटतंय, तेही काढा.”

“मग उरतं काय, सर? वेण्या?”

“मिस थार्प, मी तुमच्याच बाजूचा आहे.”

असं म्हणणारे तिनं पुष्कळ पाहिले होते. तिनं पुन्हा एकदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायचं त्राण उरलं नाही. रेडिओवर वाजलं ते कापून कापून उरलेलं होतं.

“ऐकलं,” मार्केशा म्हणाली. “माझी आजी सावध झाली असेल.”

अख्खा निरोप मात्र इयोनाच्या फोनमध्ये होता. तो एकीकडून दुसरीकडे फिरत राहिला. कचेरीनं विचारलं, हा बाहेर कसा गेला? लव्होनियानं मला माहीत नाही असं सांगितलं. खरंच माहीत नव्हतं. तिनं विचारलंच नव्हतं. तरी तिला समज मिळायची ती मिळाली.

तपासणीला पोरींची झुंबड काही उडाली नाही. पण एका दुपारी एक मुलगी आली आणि तिच्यामागून एक उंच मुलगा, मान खाली घालून.

“आधी कोण?” लव्होनियानं विचारलं.

“हा,” मुलगी म्हणाली. “मी म्हटलं तर रुसला होता. आता आलाय तर उरकून टाका.”

“दुखतं का?” त्यानं विचारलं.

“जरासं. बोट पुढे कर, बाळा.”

निकाल येईपर्यंत दोघं एका पिशवीतले उकडलेले शेंगदाणे खात बसली. दोघांचेही निकाल चांगले आले, तेव्हा तो मुलगा भिंतीला टेकून डोळे मिटून उभा राहिला. लव्होनियानं त्यांना पुन्हा कधी यायचं ते सांगितलं, कंडोमचं पाकीट त्याच्या हातात दिलं आणि ती खुर्चीत बसली. बूट काढून तिनं पाय जरा मोकळे केले.

दारावर टकटक झाली. आणखी एक जण होती, एकटीच.

“ये,” लव्होनिया म्हणाली, आणि तिनं बूट पुन्हा पायांत सरकवले.