उशिरा येणारा अंगठा

हॉटेलात सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याने आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं. गिटार घेऊन येणाऱ्या प्रौढ माणसाला दुसरं काय म्हणायचं हे कोणाला सुचलं नसावं, एवढंच. स्टेशनसमोरच्या त्या हॉटेलच्या जेवणघरात रोज संध्याकाळी तो आणि ड्रम वाजवणारा कॅप्टन, अशी दोघांची जोडी बसायची. कॅप्टन फौजेत वगैरे कधी नव्हता. लहानपणी उजवा पाय अधू झाला तेव्हापासून तो जाड तळव्याचा बूट घालायचा, आणि लाकडी जमिनीवर तो बूट परेडसारखा वाजायचा, म्हणून वाढप्यांनी ठेवलेलं नाव. त्याला ते आवडायचं. लोक जेवत, गप्पा मारत, काटे-चमचे आपटत, आणि या दोघांकडे ढुंकूनही बघत नसत. ‘आपण पंख्यासारखे,’ कॅप्टन म्हणायचा, ‘बंद पडलो तरच लक्षात येतो.’

मास्तरचं वाजवणं मन लावून ऐकणारं माणूस एकच होतं, त्याची मुलगी बबी. ती लहानपणापासून त्याच्या समोर बसून ऐकत आली होती, आणि तो कामाला गेला की घरातली जुनी गिटार काढून तेच वाजवत बसायची. बारावी झाल्यावर तिने सांगून टाकलं की तिला संगीत महाविद्यालयात जायचंय. महाविद्यालय सरकारी होतं, फी माफक होती. पण प्रवेशासाठी परीक्षकांपुढे वाजवून दाखवावं लागे आणि ही परीक्षा दोनदाच देता येई. तिथे जमलं नाही तर बबी आईबरोबर इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायला जाणार, हे घरात कोणी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्या खेपेला ती नापास झाली. ज्येष्ठ परीक्षक बाईंनी बाहेर बाकावर बसलेल्या बापाला आत बोलावून घेतलं. हिला शिकवलं कोणी, त्यांनी विचारलं. कोणी नाही, घरी ऐकून ऐकूनच, तो म्हणाला. घरी कोण वाजवतं? तेव्हा त्याला ‘मी’ म्हणावं लागलं.

बाई उर्मट नव्हत्या. त्यांनी पेन्सिलीने टेबलावर सरळ ताल धरला आणि मुलीचं वाजवणं त्यावर कसं पडतं ते समजावून सांगितलं.

“बोटं चांगली आहेत. पण अंगठा उशिरा येतो, प्रत्येक वेळी. आणि चाल मध्येच थांबते. मी विचारलं, इथे का थांबलीस? म्हणाली, इथे थांबायचं असतं. का, ते तिला सांगता येईना.” बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “ही खोड तिची स्वतःची असती तर मी चालवून घेतलं असतं. ती दुसऱ्याच कोणाच्या हाताने वाजवतेय. वर्ष आहे तुमच्याकडे. तो हात काढून टाका आणि मग घेऊन या तिला.”

घरी येताना बसमधून उतरल्यावर बबीने विचारलं, “बाबा, तुमचा अंगठा उशिरा येतो का?” कुणास ठाऊक, तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

सुट्टीच्या दिवशी त्याने तिला समोर बसवून वाजवायला सांगितलं आणि स्वतः डोळे मिटून ऐकत राहिला. आपला आवाज पहिल्यांदा यंत्रातून ऐकणाऱ्या माणसाला वाटतं तसं त्याला ओशाळवाणं वाटलं. मग हळूहळू त्यातली माणसं ओळखू यायला लागली.

सुराच्या शेवटी आवाज फुगवून मग सोडून द्यायचा, हे आतोबांचं. आत्याचे यजमान नाचाच्या हॉलमध्ये अकॉर्डियन वाजवायचे आणि साथीला पोरसवदा मास्तरला न्यायचे. त्यांच्या वाद्याचा भाता जुना होता. ओळीच्या शेवटी वारा संपत आला की ते उरलेला सगळा वारा एकदम दाबून टाकायचे. गिटारला ना भाता ना वारा, तरी मास्तरचा उजवा हात ओळीच्या शेवटी तसाच जड व्हायचा.

ते मधलं थांबणं आईचं होतं. ती पायमशीनवर शिवायची आणि तो मशीनच्या टेबलाखाली बसून सराव करायचा, कारण घरात दुसरीकडे जागाच नव्हती. सरळ शिवण असेपर्यंत मशीन एका लयीत धावायचं. कोपरा आला की आई सुई कापडात रुतवून ठेवायची, कापड फिरवायची आणि पुन्हा पाय मारायची. मास्तरच्या चालींना असे कोपरे पडले होते. बबीने आजीला कधी पाहिलंही नव्हतं, पण कोपऱ्यावर ती नेमकी थांबत होती.

आणि रेडिओ. वडिलांच्या रेडिओवर दूरदूरची स्टेशनं लागायची, पण आवाज मध्येच विरून जायचा आणि थोड्या वेळाने परत यायचा. मास्तर गाणी तशीच, भोकं पडलेली शिकला आणि भोकं आपल्या मनाने बुजवत गेला. त्यातलं एक गाणं पुढे खूप वर्षांनी त्याला एका दुकानात अख्खं ऐकायला मिळालं. मधला तुकडा अगदीच वेगळा होता, साधा, नाकासमोर चालणारा. त्याला स्वतःचाच बरा वाटला, पण हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

उशिरा येणारा अंगठा मात्र कोणाचा, ते त्याला उमगेना. तो शेवटी काढू, असं त्याने ठरवलं.

घरात गिटारला हात लावायचा नाही, असा त्याने कानाला खडा लावला. स्वतःची गिटार तो हॉटेलातच, टेबलक्लॉथच्या कपाटामागे ठेवू लागला. जुन्या बाजारातून टकटक करत ताल देणारा मेट्रोनोम आणला आणि दुपारी लेकीसमोर नुसता ऐकायला बसू लागला. ती वाजवायची आणि तो हात वर करायचा: इथे फुगवलंस. इथे कोपरा आला. हे रेडिओचं, हे सोड. तण उपटावं तसं चाललं होतं. कधीकधी उपटलेल्या जागी काहीच उरायचं नाही आणि बबी त्याच्याकडे बघत राहायची, आता इथे काय वाजवू म्हणून. पुस्तकात आहे ते वाजव, तो म्हणायचा.

बायको इस्पितळातून यायची तेव्हा टकटक चालूच असायची. “पूर्वी तुमच्या वाजवण्याचा वैताग होता,” ती म्हणाली. “पण निदान तुम्ही दमायचात तरी.”

फुगवणं गेलं, कोपरे गेले, रेडिओ गेला. अंगठा हटेना. म्हणून एका संध्याकाळी मास्तरने हॉटेलात वाजवताना फक्त स्वतःच्या अंगठ्याकडे लक्ष दिलं. अंगठा खर्जाच्या तारेपाशी जाऊन थांबत होता. दारात उभं राहून मागच्या माणसाला येऊ द्यावं, तसा. आणि मग पडत होता तो थेट कॅप्टनच्या मोठ्या ड्रमबरोबर. मास्तरने मान वळवून ड्रमच्या पायाच्या पेडलकडे पाहिलं. इतकी वर्षं शेजारी बसून त्याने तिकडे कधी बघितलं नव्हतं. कॅप्टनला पाऊल घोट्यातून उचलता येत नव्हतं. तो मांडीपासून अख्खा पाय उचलायचा, बुटासकट, आणि खाली टाकायचा. त्यात क्षणाचा एक तुकडा जायचा. तेवढा तुकडा मास्तरचा अंगठा वर्षानुवर्षं थांबत आला होता. दोघंही सारखेच उशिरा, म्हणून उशीर असा कोणाला दिसतच नव्हता. तोच त्या जेवणघराचा ताल होता.

कारण कळलं आणि बबीचा अंगठा महिनाभरात ताळ्यावर आला. तू कोणाची तरी वाट बघतेस, तिथे कोणी नाहीये, एवढंच त्याने तिला सांगितलं. पण ते तिला सांगता सांगता त्याचा स्वतःचाही अंगठा थांबेनासा झाला. दुपारभर टकटकीपुढे बसून तो हॉटेलात जायचा आणि अंगठा सरळ ठोक्यावर पडायचा. मागोमाग, एकटाच, कॅप्टनचा ड्रम.

पहिले काही दिवस बशांच्या खणखणाटात ते खपून गेलं. मग एकदा एक जोडपं टेबलांमधल्या मोकळ्या जागेत नाचायला उठलं आणि चारदोन पावलांत अडखळलं. बाई हसली. पुरुषाने वळून ड्रमकडे पाहिलं, आणि त्याच्या पाठोपाठ गल्ल्यावरच्या मॅनेजरनेही.

कॅप्टनला वाटलं, पेडल बिघडलं. त्याने ते उलटं करून तेल घातलं, दुसऱ्या दिवशी नवीन स्प्रिंग बसवली. “आता बघ कसं पळतं,” तो म्हणाला. मास्तरने पुन्हा उशिरा यायचा प्रयत्न करून पाहिला. पण जे नकळत जमत होतं ते ठरवून जमेना. कधी तो जास्तच थांबायचा, कधी कमी. दोघं आता एकमेकांचे पाय तुडवत चालल्यासारखे वाजवत होते.

मॅनेजरने मास्तरला बाजूला घेऊन विचारलं की कॅप्टनचं वय झालंय का. उत्तर देणं मास्तरच्या जिवावर आलं. कॅप्टन होता तसाच आहे, बदललोय मी, हे खरं उत्तर होतं. पण ते दिलं असतं तर मॅनेजरने लगेच विचारलं असतं, म्हणजे तो आधीपासूनच असा वाजवतो? पेडल जुनं झालंय, असं मास्तर म्हणाला. मॅनेजरने मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात ताल देणारं एक छोटं यंत्र आणून गल्ल्यापाशी ठेवलं. कॅप्टनला त्याने अगदीच रस्त्यावर सोडलं नाही. दारापाशी पाहुण्यांचे कोट आणि छत्र्या ठेवून घ्यायच्या खिडकीवर उभं केलं.

ड्रम गुंडाळताना कॅप्टनने विचारलं, “खरं सांग. मी उशिरा येतो?”

“थोडा.”

“कधीपासून?”

मास्तर गिटारच्या पेटीचं बक्कल लावत होता. ते लावून झालं तरी त्याने हात काढला नाही. “पहिल्यापासून,” तो म्हणाला.

कॅप्टन खुर्चीवर बसला. “मग इतकी वर्षं तू काय करत होतास?”

“मला माहीत नव्हतं. मीही उशिराच यायचो.”

“मग आताच तुला कसली घाई झाली?”

तेव्हा मास्तरने त्याला बबीच्या परीक्षेचं सांगितलं. बाई, पेन्सिल, काढून टाकायचा हात, सगळं. कॅप्टनने बबीला लहानपणी मांडीवर घेऊन झांजेवर काड्या मारायला दिल्या होत्या. सगळं ऐकून झाल्यावर तो एवढंच म्हणाला की पोरीचं झालं पाहिजे, आणि मोठा ड्रम उचलायला वाकला. मास्तर हात द्यायला पुढे झाला. कॅप्टनने तो दिसला नाही असं दाखवलं.

दुसऱ्या परीक्षेला तेच दालन होतं आणि त्याच बाई. या वेळी दार उघडं होतं, त्यामुळे मास्तरला बाकावरून ऐकू आलं. प्रत्येक सूर जिथे पडायला हवा तिथे पडत होता. तो ओळखीचं काही सापडतंय का ते शोधत शेवटपर्यंत ऐकत राहिला. बाहेर येऊन बाई म्हणाल्या, “हात स्वच्छ झाला. घेतलं आम्ही तिला. आता हिचं स्वतःचं त्यात काय येतं ते बघायचं. त्याला वेळ लागेल.” त्यांनी त्याचं अभिनंदनही केलं. बबीने त्याचा दंड घट्ट धरला होता. घरी गेल्यावर तिने मेट्रोनोम कपाटात ठेवून दिला आणि म्हणाली, “बाबा, आता घरी वाजवायला हरकत नाही ना?” तो म्हणाला, बघू.

संध्याकाळी तो हॉटेलात जरा लवकर पोचला. कॅप्टन खिडकीत उभा होता. खिडकीत स्टूल मावत नव्हतं. अधू पायावरचा भार कमी करायला तो एक हात फळीवर टेकून होता. मास्तरने सांगितलं की झालं, घेतलं तिला.

“छान झालं,” कॅप्टन म्हणाला. “काय वाजवलंन?”

मास्तरने चालीचं नाव सांगितलं.

“आणि अंगठा?”

“वेळेवर.”

कॅप्टनने मान हलवली. एका गिऱ्हाइकाचा ओला कोट घेतला, खुंटीला लावला, बिल्ला दिला. मग म्हणाला, “इथून ऐकू येतं सगळं. तुझंही वेळेवर असतं हल्ली.” त्यात टोमणा होता की नाही, ते मास्तरला कळलं नाही. पूर्वी कळलं असतं.

तेवढ्यात आत मॅनेजरने यंत्र सुरू केलं. जवळजवळ रिकाम्या जेवणघरात ताल एकटाच वाजायला लागला.

“जा,” कॅप्टन म्हणाला. “ते काही थांबायचं नाही तुझ्यासाठी.”

मास्तर आत गेला, कपाटामागून गिटार काढली, खुर्चीवर बसला. दोन आवर्तनं जाऊ दिली आणि तिसऱ्याला अंगठा टाकला. तो बरोबर पडला.