शेवटच्या सीटमागचं बटण

बसमध्ये एकही मूल राहिलेलं नाही हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं असायचं, तरी मला ते खरं वाटायचं नाही. माझं दुखणं एवढंच होतं. सांगायला गेलं तर हसू येईल असं. पण त्याने वर्षभर मला अन्न गोड लागू दिलं नाही, आणि देवापासूनही मला लांब नेलं. त्यातून प्रभूने मला कसं बाहेर काढलं ते लिहिते. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी मूळची वसईची. सहा वर्षं झाली, दुबईपलीकडच्या फुजैरात एका शाळेच्या बसवर अटेंडंट आहे. मुलांना हात धरून चढवायचं, पट्टे लावायचे, दुपारी ज्याच्या त्याच्या आईच्या हातात द्यायचं. आमच्या बसचं इंजिन बंद झालं की आत भोंगा वाजायला लागतो. तो बंद करायचं बटण मुद्दाम शेवटच्या सीटमागे बसवलंय, म्हणजे बाईने शेवटपर्यंत चालत, एकेक सीट बघत जावं. इथल्या उन्हात बंद गाडीत मूल राहिलं तर काय होईल ते सांगायला नको.

गेल्याच्या आधीच्या सप्टेंबरमध्ये एक केजीतली मुलगी झोपेत सीटवरून घसरून खाली दप्तरामागे गेली होती. मी पहिल्याच फेरीत तिला बघितलं. गाडीतला गारवासुद्धा अजून गेला नव्हता. उचलल्यावर डोळे चोळत म्हणाली, "आंटी, आर वी देअर?" झालं एवढंच. टीचरने मला शाबासकी दिली. पण खोलीवर आल्यावर एकच विचार घोळायला लागला. नसती दिसली तर? आणि त्या दिवसापासून तो किडा डोक्यात शिरला तो शिरला.

आधी दोनदा बघायचे, मग चारदा, मग सातदा. बटण दाबलेलं असायचं, भोंगा थांबलेला असायचा, तरी खाली उतरले की मनात यायचं, बटण दाबलंस खरं, पण बघितलंस का? आमचे ड्रायव्हर खानसाब, पेशावरकडचे, मोठ्या भावासारखे; मला बाजी, म्हणजे ताई, म्हणतात. ते दारात उभे राहून ओरडायचे, "बाजी, खलास! बच्चा नहीं है अंदर. अब क्या सीट फाड़ के देखोगी?" मी हसायचे आणि आठव्यांदा वर चढायचे. दुपारी खोलीवर जाऊन जेवायला बसले की घास खाली उतरायचा नाही. टॅक्सी करून परत बस लावतात त्या यार्डात जायचे, काचेला नाक लावून रिकाम्या सीटा बघत राहायचे. सुपरवायझरने तिसऱ्यांदा पकडलं तेव्हा सरळ सांगितलं, "ड्यूटी संपल्यावर पुन्हा यार्डात दिसलीस तर घरचं तिकीट." माझी मुलगी वसईला बहिणीकडे राहून नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझं तिकीट म्हणजे तिचं शिक्षण बंद. हे सगळं कळत होतं, तरी पाय यार्डाकडे वळायचे.

मग मी जपमाळ हातात घेतली. पवित्र मरियामातेला सोडून मी जाणार कुठे? पण किडा तिथेही आला. 'नमो मरिया' म्हणताना मध्येच लक्ष दुसरीकडे गेलं की वाटायचं, ही खोटी प्रार्थना झाली. परत पहिल्या मण्यापासून. वीस मिनिटांची जपमाळ, मला दोन-दोन तास पुरायचे नाहीत. शेवटी मी ठरवून टाकलं की मी पापी आहे, बेफिकीर आहे, म्हणून देवाने माझ्या मनाची शांती काढून घेतलीय. आणि पापावर आमच्याकडे एकच उपाय, पापनिवेदन. मी दर शनिवारी संध्याकाळी कन्फेशनच्या रांगेत उभी राहायला लागले, कधी मधल्या वारीही. तेच पाप, तेच शब्द. फादर क्षमा द्यायचे, तेवढा एक तास बरा जायचा. मग वाटायचं, आपण सगळं नीट सांगितलं का?

एका शनिवारी नेहमीचे फादर सुट्टीवर होते आणि त्यांच्या जागी महिन्याभरासाठी दुसरे आले होते. मंगलोरकडचे, म्हातारे. पुण्यात शिकले होते म्हणून मोडकं मराठी बोलायचे. मी गुडघे टेकून सुरू केलं आणि रडायलाच लागले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे किती वेळ सांगितलं?"

"या महिन्यात सहा वेळा, फादर."

"पोर सापडली ना?"

"सापडली."

"मग पाप कुठे आहे? मला दाखव."

मी म्हटलं, "फादर, मी निष्काळजी आहे."

"सात वेळा बघणारी बाई निष्काळजी?" जाळीपलीकडे ते हळूच हसले. "बेटी, पापाला क्षमा असते. हा आजार आहे, त्याला औषध लागतं. तू चुकीच्या रांगेत उभी आहेस." मग म्हणाले, "आता प्रायश्चित्त ऐक. मनाचा डॉक्टर शोधायचा. सापडेपर्यंत इकडे यायचं नाही."

मी दहा 'नमो मरिया' मिळतील म्हणून आले होते. प्रायश्चित्त अर्धवट सोडणाऱ्यातली मी नव्हे, आणि हे त्यांना बरोबर कळलं असावं.

पण आमच्या एवढ्याशा शहरात मनाचा डॉक्टर शोधणं म्हणजे काय ते शोधणाऱ्यालाच ठाऊक. सकाळी मुलं शाळेत गेली की दुपारपर्यंत मला सुट्टी, त्या वेळात मी उन्हातून हिंडायचे. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने छातीचा ईसीजी काढला आणि ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. एका ठिकाणी माझं विम्याचं कार्ड बघून, "मेंटल इसमें नहीं आता," म्हणाले. मोठ्या हॉस्पिटलात दोन महिन्यांनंतरची तारीख दिली. दुसऱ्या एका ठिकाणचे डॉक्टर फक्त अरबी आणि इंग्रजी बोलायचे, माझ्या जिवातला गोंधळ मी कुठल्या इंग्रजीत सांगणार? लोक म्हणायचे, दुबईला जा. जाऊन येऊन चार तास, आणि माझी सुट्टी असते त्या रविवारी सांगितलेले दवाखाने बंद. त्यात आणखी एक भीती, फाइलवर 'मेंटल' लिहिलं तर व्हिसाचं काय? मुलांच्या बसवर मला कोण ठेवेल?

एका गुरुवारी मी पाचव्या क्लिनिकमध्ये गेले. मनात ठरवलं होतं, इथे नाही म्हणाले की बस, आपलं नशीब. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला, सगळा इंग्रजीत. मी नाव लिहिलं आणि पुढे पेन चालेना. तोंडातून निघून गेलं, "पवित्र मरिये, आता तूच बघ गं बाई."

काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली. "मराठी? कुठची तू?"

"वसईची."

"मी म्हसळ्याची. शाहीन." फॉर्म त्यांनी स्वतःकडे ओढून घेतला. "आण इकडे. आणि मरियम आमचीपण आहे, एकटी तुझी नाही. बस त्या खुर्चीवर."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ठेवल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. दर गुरुवारी शारजाहून एक मॅडम येतात, मनाच्या डॉक्टर, हिंदी बोलणाऱ्या. महिनाभर जागा नव्हती. आणि आता साडेअकराच्या पेशंटने येत नाही म्हणून कळवलं होतं. भिंतीवर अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी फीबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्यासारख्यांकडून मॅडम निम्मी घेतात. आधी पाणी पी."

यात मरियामातेचा हात होता की नुसता योग, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. मी त्या खुर्चीवर बसले होते, मला माहीत आहे मला काय वाटलं ते.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. कुठेही हसल्या नाहीत, आश्चर्यही दाखवलं नाही. असं अनेकांना होतं, याला नाव आहे, याच्यावर उपचार आहे, हे त्यांनी सांगितलं. इथलं बोलणं माझ्या मर्जीशिवाय शाळेला जाणार नाही हेही सांगितलं. मग उपचार सांगितला. "एक बार देखिए, ठीक से. बटन दबाइए, उतर जाइए. शक आएगा. आने दीजिए. उसका जवाब मत दीजिए."

"और दुआ?"

"दुआ ज़रूर कीजिए. मगर उससे बस मत चेक कीजिए."

हे वाक्य मला लागलं. मी इतके महिने तेच करत होते. प्रार्थनेच्या नावाखाली देवाकडून रोज पावती मागत होते, सगळं ठीक आहे असं लिहून दे म्हणून.

एकदम नाही, पायरीपायरीने खाली यायचं ठरलं. सातावरून पाच, पाचावरून तीन. एकदाच बघायचा पहिला दिवस मी विसरणार नाही. एकेक सीट बघितली, वाकून खाली बघितलं, बटण दाबलं, उतरले. खानसाब दारात सवयीने थांबले होते. म्हणाले, "हो गया?" मी म्हटलं, "हो गया." त्यांना खरं वाटेना. "अल्ला खैर करे, बाजी, तबियत ठीक है?" मी चालायला लागले. पाय मागे ओढत होते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या सावलीत मी पाऊण तास उभी राहिले. खात्री आली नाही. वाट बघत होते, पण नाहीच आली. हळूहळू भीतीच दमली. तेव्हा मला कळलं की आपण देवाकडे खात्री मागत होतो, आणि तो म्हणत होता, खात्री माझ्याकडे राहू दे, तू घरी जा.

अजून गुरुवार सुटलेले नाहीत. गोळीही चालू आहे. एखाद्या दिवशी दुसऱ्यांदा वर चढते, खोटं कशाला बोलू? पण सुपरवायझरला मी यार्डात पुन्हा दिसलेली नाही. प्रायश्चित्त पूर्ण झालं हे सांगायला मी चर्चमध्ये गेले तर महिना संपून ते फादर परत गेले होते. त्यांचं नावही मी नीट विचारलं नव्हतं. शाहीनताईंना मात्र नाताळात नानकटाया दिल्या, तर म्हणाल्या, "फॉर्म भरायची एवढी मोठी फी? दर महिन्याला ये."

काल दुपारी बस लावली, एकदा बघितलं, उतरले. चालता चालता जपमाळ सुरू केली. तिसऱ्या मण्यावर माझं लक्ष संध्याकाळी तळायच्या बांगड्यांकडे गेलं. मी मागे गेले नाही. चौथा मणी बोटात घेतला आणि पुढे म्हणत गेले.