लाँच बंद आहे, असं मी ताईला सांगितलं

मित्रहो, हे आजच लिहितो. उद्या धीर होणार नाही.

नाताळची सुट्टी लागली की आमचं किहीमचं घर सगळ्यांना आठवतं. आधीच नऊ पाहुणे आलेत. काल मुंबईहून ताईचा फोन आला, "उद्या येते." नाही म्हणायची हिंमत झाली नाही. म्हणालो, "वारा सुटलाय, मांडव्याची लाँच बंद आहे."

आज दुपारी ताई दारात रिक्षातून उतरली. दुखरा गुडघा घेऊन सहा तास एसटीने अलिबागला आली होती. "लाँच बंद म्हणालास, म्हणून रस्त्याने आले. एवढ्या माणसांचं तुला एकट्याला कसं झेपणार?"

रिक्षावाला म्हणाला, "लाँच तर सकालपासून चालू हाय, ताई."

ताईने माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि लसूण सोलायला बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "पुढच्या वेळी सरळ 'येऊ नको' म्हण. मी रुसेन, पण गुडघा तरी वाचेल."

आता ती आत भाकऱ्या थापतेय आणि मी ओटीवर बसून तुमच्यापाशी कबुली देतोय. तिची माफी अजून मागितलेली नाही. आपल्या माणसाला 'नाही' म्हणायला तुम्ही कसं शिकलात?