न उघडलेले अर्ज

सरांनी मीटिंगमध्ये पडद्यावर यादी उघडली. देशातल्या बिझनेस स्कूलची यंदाची क्रमवारी. पहिल्या पाचांत कोण चढलं, कोण घसरलं, यावर चहा संपेपर्यंत चर्चा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चला, मॅडमचं कॉलेज शोधू."

यादी सरकत राहिली. पन्नास. शंभर. शेवटचं पान. माझं कॉलेज सांगलीबाहेर, उसाच्या रानात. ते कुठून असणार? "दुसऱ्या देशाच्या यादीत असेल," सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

सर म्हणजे मालकांचा मुलगा. शाळा पाचगणीच्या बोर्डिंगात, एमबीए परदेशात. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्यात भरतीचं काम माझ्याकडे. थोरल्या मालकांनी मला घेतलं तेव्हा यादीबिदी नव्हती. सर आले आणि नियम आला. कॉलेज पहिल्या पन्नासात असेल तर अर्ज उघडायचा. नसेल तर थेट 'नाही'च्या फोल्डरात. वर्षभर मी तेच करत होते.

शनिवारी गावी गेले, तासगावकडे. आई शेडवर बेदाणा निवडायला जाते. जेवताना तिनं विचारलं, दिवसभर करतेस तरी काय? मी सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

"मंग खोकं न उघडताच टाकतीस व्हय गं? आमी तर पयला टेबलावर वततो. मंग बघतो."

ती सहज बोलली आणि भाजी वाढायला लागली. आठवडाभर मी सरांवर धुमसत होते. पण ते फोल्डर भरत कोण होतं? मीच. कुणी जतची, कुणी खटावचा, कुणी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर शिकून आलेलं. सर एकदा हसले. मी रोज तेच केलं, न हसता. स्वतःची चीड आली.

सोमवारी फोल्डर उघडलं. एकेक अर्ज वाचला. एका मुलीनं गावच्या दूध संघात टँकरच्या फेऱ्या नव्यानं आखल्या होत्या. आम्हाला मालाच्या गाड्यांसाठी नेमकं असंच माणूस हवं होतं. तिच्याऐवजी घेतलेला पहिल्या पन्नासातला गृहस्थ साताऱ्यात करमत नाही म्हणून तीन आठवड्यांत गेला होता.

बारा अर्ज घेऊन केबिनमध्ये गेले. "यांना मुलाखतीला बोलावतेय."

सरांनी फक्त कॉलेजांची नावं बघितली. "मॅडम, आपल्याला दर्जा राखायचाय."

"दर्जा बघायला अर्ज उघडावा लागतो सर. तुम्ही एकही उघडला नाही. मीही नाही."

"जमत नसेल तर दुसरं कुणी करेल."

"बघा दुसरं कुणी. या यादीवरून मी आता एकही अर्ज टाकणार नाही."

बारा अर्ज उचलून मी बाहेर आले.

भरती माझ्याकडून काढली. आता मी गेटपास लिहिते. नोकरी कधीही जाईल, हे कळतंय मला.

काल त्या दूध संघातल्या मुलीला फोन केला. तुझा अर्ज वाचलाच गेला नव्हता, आणि तो न वाचणारी मी होते, असं स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "ताई, हे लिहून द्याल का तुमी? घरी समजतात, मीच कमी पडले."

लिहून दिलं. खाली सही केली. आज उरलेल्या अकरा जणांना फोन करणार आहे, गेटवर बसूनच.