उणे चाळीस अंश आणि एक गिलास चहा

पॉलिटेक्निकात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. त्यामुळं माझ्या जुन्या गाडीचा कार्बोरेटर काढून, पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा कॉम्प्युटरचा डबा बसवायचा, हे खूळ माझ्याच डोक्यात शिरलं. दोन हजार साल उलटून गेलं होतं. परदेशातल्या मित्रानं नुसता डबा पाठवला. सेन्सर आणि वायरिंग आपलं आपण बघायचं.

उद्यमनगरातल्या माझ्या गाडीच्या मिस्त्रींनी डबा उलटासुलटा करून पाहिला. "सर, ह्याला कार्बोरेटरगत स्क्रू कुठं हाय पिळायला?"

"नाही. सगळं लॅपटॉपवर."

"मग मी काय करू? टाळ्या वाजवू?"

तरी जुन्या गाड्यांच्या बाजारातून सेन्सर त्यांनीच निवडून आणले. वायर मात्र मी आणली, इंजिनाच्या उष्णतेला टिकणारी, अगदी उत्तम. दुकानात एकच रंग होता, लाल. मी अख्खं बंडल घेतलं. बायको शाळेत शिकवायची. तिनं प्रत्येक तारेला चिकटपट्टी लावून सुरेख अक्षरात त्या-त्या सेन्सरचं नाव घातलं. एकेका नावाखाली रेघसुद्धा मारली. तारा इंजिनावरून ओढून ठेवल्या, जोडायच्या तेवढ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर मिस्त्री खुशीत होते. "इंजान रॉकेलनं धुऊन चकाचक केलंय बघा." इंजिन खरंच चकाकत होतं. पट्ट्याही कोऱ्या झाल्या होत्या. शाई रॉकेलबरोबर वाहून गेलेली आणि समोर वीसेक लाल तारा.

आठवेल तशा जोडल्या. गाडी सुरू झाली आणि मागून असा काळा धूर निघाला, की शेजारचा लेथवाला मशीन बंद करून बाहेर आला. लॅपटॉपवर इंजिनाचं तापमान दिसत होतं, उणे चाळीस.

मिस्त्रींनी मे महिन्यातल्या उन्हाकडं बघितलं. "पन्हाळ्यावर बी एवढी थंडी पडत न्हाय की हो!"

तापमानाच्या सेन्सरची तार लागली नाही, की डबा इंजिन बर्फात आहे असं समजून भसाभसा पेट्रोल सोडतो, हे मी त्यांना समजावलं. इंजिन गार झाल्यावर त्यांनी सेन्सर काढला, पुसला आणि माझ्यासाठी आलेल्या कडकडीत चहात बुडवला.

"आता एकेक तार लावा. आकडा हालला की तीच."

आम्ही तारा लावत गेलो. चहा निवला की नवा यायचा. चौथ्या गिलासाला आकडा एकदम सत्तरवर गेला. मिस्त्री असे ओरडले, की लेथवाला परत बाहेर आला. वर्गात मी सेन्सरवर तास-तासभर बोलायचो, पण ही युक्ती मला सुचली नव्हती. तसं मी त्यांना सांगितलंही.

उरलेल्या तारा जुळवून झाल्यावर संध्याकाळी गाडी ताराराणी चौकापर्यंत एकदाही न खोकता गेली. शेजारी बसलेले मिस्त्री खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "सर, त्यो लॅपटॉप चालवायला किती दिवसात येतंय? माझं इंग्रजी न्हाय, पर आकडं कळत्यात."